रणोबाचा उभा भाला

लाइट आली तर आली, नाही तर नाही. तो मोबाईल खाली ठेव बे हरिओम, त्याच्या उजेडात तुझंच तोंड भुतासारखं दिसतंय. ऐकायचं असेल तर गुमान ऐका, नाही तर जाऊन झोपा. ही गोष्ट पंजाबरावाची, म्हणजे माझ्या साडूची. त्याने मला ती एकदाच सांगितली आणि सांगता सांगता पुढ्यातला चहा थंड होऊ दिला. चहा टाकून देणाऱ्यातला तो माणूस नव्हे.

त्याच्या गावाच्या शिवेवर, धामणगाव बढ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, रणोबा आहे. कंबरेइतका काळा दगड आणि पायथ्याशी कोरलेली दोन पावलं. देऊळ नाही, छप्पर नाही. देव लढाईचा, पण तो जिंकून देतो असं त्याची माणसं कधी म्हणत नाहीत. तो सोबत जातो, एवढाच त्यांचा विश्वास. गावात चारच घरं त्याची. घरातला पोरगा फौजेत निघाला की बापाने देवापुढे आडवा ठेवलेला भाला जमिनीत उभा रोवायचा आणि पोराचं नाव घ्यायचं. मग देव उठतो आणि त्या पोराबरोबर चालू लागतो. पोरगा कायमचा घरी आला की बापानेच भाला आडवा करायचा आणि रात्रभर बसून देवाचे पाय चेपायचे. बोलायचं नाही, उजेड करायचा नाही, मान वर करायची नाही. तांबडं फुटेपर्यंत हे पाळलं तर देव बसला. मधे तोंडातून शब्द निघाला तर तो उठून चालायला लागतो, आणि मग त्याला कोणी बसवू शकत नाही.

पंजाबरावाचा थोरला, गजेंद्र, फौजेतली नोकरी पुरी करून धडधाकट परत आला. गावाने बँड लावला, जेवणावळ झाली. भाला मात्र उभाच राहिला. कारण धाकटा दीपक तेव्हा भरतीसाठी रोज पहाटे पळत होता. पंजाबरावाने विचार केला, आज आडवा करायचा आणि महिन्या दोन महिन्यांत पुन्हा उभा करायचा, कशाला देवाला त्रास? खरं म्हणजे त्रास त्याचा त्यालाच नको होता. सोयाबीनची काढणी तोंडावर आलेली, रात्रभर कोण बसणार? त्याने नुसता भाल्याला हात लावला आणि म्हणाला, "देवा, आता दीपकसाठी राहू दे." त्या चार घरांच्या बाहेरच्या कोणाला यात काही चूक आहे, हे कळलंही नसतं.

दीपक पळण्यात मागे पडला. दुसऱ्या भरतीतही पडला. मग तो चाकणला एका कंपनीत लागला. कायमची रात्रपाळी, मशीनपुढे उभं राहायचं काम. फोनवर म्हणायचा, "बरं हाय बाबा." बापही बरं म्हणून फोन ठेवायचा. भाल्याचं तर तो साफ विसरून गेला.

इकडे घरात गजेंद्र झोपेना. अंधार पडला की अंगणात चालायला लागायचा, फाटकापासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून फाटकापर्यंत. बुलढाण्याच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी डोळे मिटायचे, पाय थांबायचे नाहीत. "बसलो की कोनीतरी उठवते, बाबा," म्हणायचा. पस्तिशीचा माणूस, पण चेहरा असा ओढलेला की बघणाऱ्याला बापच तरणा वाटावा. घरातली सगळीच थकली होती. आपला पोरगा असाच चालत चालत एक दिवस विहिरीत जाणार, ही भीती पंजाबरावाच्या पोटात बसली होती.

शेवटी नवमीच्या सकाळी विमलबाईने, त्याच्या बायकोने, भाकरी थापता थापता विचारलं, "तुमी देव बसवला होता ना?"

पंजाबरावाने ताटाकडे बघतच नाही म्हणून मान हलवली.

"म्हंजे देव दोन वर्सं झाले उभाच हाय?"

"हाव."

"अवो, मंग आपला पोरगा कसा बसंन?"

त्याने ताट बाजूला सारलं.

तर ती रात्र गेल्या वर्षीच्या खंडेनवमीची, दसऱ्याच्या आदली. जेवणं झाल्यावर पंजाबरावाने तेलाची वाटी आणि घोंगडी घेतली, मोबाईल खुंटीवरच्या पिशवीत टाकला आणि चपला घातल्या.

"म्या येऊ का संगं?" विमलबाई म्हणाली.

"तू पोरापाशी राह्य. लक्ष ठेव त्याच्यावर."

गजेंद्र अंगणात चालतच होता. बाप जवळून गेला तरी त्याने मान वळवली नाही.

रस्त्याला कोणी नव्हतं. दोन्ही बाजूंना सोयाबीनच्या कापून रचलेल्या सुड्या ताडपत्रीखाली झाकलेल्या. चांदणं होतं, त्यामुळे भीती अशी वाटलीच नाही. पंजाबराव मनात म्हणत होता, लवकर झालं तर घटकाभर पडता येईल. माणसाचं असं असतं पोरांनो. देवापुढे जातानाही आधी स्वतःची झोप आठवते.

भाला घट्ट रुतला होता. दोन्ही हातांनी हलवून हलवून त्याने तो उपसला आणि आडवा ठेवला. घोंगडी अंथरली. मान खाली घालून बसला आणि तेलाच्या हातांनी दगडातली ती दोन पावलं चेपायला लागला.

बराच वेळ नुसता दगडच होता. बोटं दुखायला लागली. चंद्र मावळला. रातकिडे ओरडत होते, ते थांबले.

मग हाताखालचा दगड मऊ झाला.

पंजाबरावाचे हात जागीच राहिले. हाताखाली पाय होता. माणसाचा. थंडगार, भेगाळलेला. त्याने डोळे मिटले आणि चेपत राहिला. दुसरं काय करणार?

थोड्या वेळाने तो पाय गेला. बाजूला कोणीतरी खाली बसल्यासारखं वाटलं... दमलेला माणूस गुडघ्यावर हात ठेवून बसतो ना, तसं.

आणि दुसरा पाय हातात आला.

हा वेगळा होता. घोट्याला बुटाचा घट्टा. तो गेला. मग एक आला, त्याला बोटंच नव्हती. मग अजून एक...

तेव्हा त्याला कळलं. भाला उभा करून ज्यांची नावं घेतली आणि जे परत आलेच नाहीत, ते सगळे रांगेत होते. त्यांच्यासाठी कोणी भाला आडवा केला नव्हता. ते देवाबरोबर अजून चालतच होते. आणि आपली माणसं बसल्याशिवाय देव बसणार नव्हता.

कोणी बोलत नव्हतं. एक पाय. मग दुसरा. मग कोणीतरी बसायचं. पुढे सांगताना पंजाबराव म्हणाला, भीतीपेक्षा मला रडू जास्त येत होतं, किती थकले होते बिचारे.

आणि मग एक पाय हातात आला... तो ओळखीचा होता.

डावा. अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं. लहानपणी नांगराचा फाळ लागला होता. दवाखान्यापर्यंत त्याला खांद्यावरून पंजाबरावानेच नेलं होतं.

गजेंद्राचा नव्हे. दीपकचा.

या रांगेत तर फक्त न आलेले... मग दीपक इथं काऊन? काय झालं पोराला? कधी झालं?

नाव ओठांवर आलं. दीपक. एवढंच म्हणायचं होतं. पण एक शब्द निघाला की देव उठणार, आणि गजेंद्र मरेपर्यंत अंगणात चालणार. मान वर करायची नाही. मोबाईल घरी. एक पोरगा तिकडे, एक पोरगा हातात.

त्याने जीभ दातांत धरली. रक्त आलं.

बोट टाचेला लागलं, तिथे ओलं होतं. कातडं सोललेलं. त्याने खांद्यावरचा दुपट्टा दातात धरून टरकन पट्टी फाडली, तेलाच्या हातांनीच टाचेला गुंडाळली आणि गाठ मारली. पाय जरा थरथरला... मग हळूच निघून गेला.

कोणीतरी बसलं.

शेवटचे पाय मोठे होते. जड. दोन्ही एकदम हातात आले. पंजाबराव ते चेपत राहिला. डोळ्यांतलं पाणी त्या पायांवर पडत होतं आणि त्याला पुसताही येत नव्हतं. कधीतरी वरून एक लांब श्वास ऐकू आला. जू उतरल्यावर बैल सोडतो तसा.

तांबडं फुटलं. हाताखाली दगड होता.

तो पळतच घरी आला. ओट्यावर भिंतीला टेकून गजेंद्र झोपला होता. तोंड उघडं, एक चप्पल पायातच. विमलबाईने ओठांवर बोट ठेवलं. तिचे डोळे भरून आले होते.

पंजाबराव थांबलाच नाही. पिशवीतून मोबाईल काढला आणि दीपकला लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा बंद.

"काय झालं हो?" विमलबाई कुजबुजली. त्याने पुन्हा नंबर दाबला. जीभ सुजली होती.

तिसऱ्यांदा फोन उचलला गेला. दीपकच्या खोलीत राहणारा पोरगा होता, खामगावकडचा.

"काका, दीपक झोपला. राती मशीनपाशी खाली बसला तो बसलाच. लय हलवला, उठे ना. आमी रिक्षात घालून रूमवर आनला."

"श्वास... श्वास हाय ना बापू?"

"घोरून राह्यला ना! इथं आल्यापासून असा झोपलेला नाई पाह्यला म्या त्याले."

भाल्याला हात लावून आपण दीपकचंही नाव घेतलं होतं, ते पंजाबरावाला आता आठवलं. तिकडे तो पोरगा जरा घुटमळला.

"काका, एक विचारू का? म्या त्याचे बूट काढले, मोजे काढले. मोजे कुठंच फाटेल नाईत. अन् आतून डाव्या टाचेले पट्टी बांधेल हाय. पांढरं फडकं, लाल काठाचं. तेलानं ओलं हाय अजून. याच्यापाशी तर असं कापडच नव्हतं... कोनं बांधली?"

विमलबाई नवऱ्याच्या खांद्याकडे बघत होती. दुपट्ट्याचा लाल काठ एका बाजूने फाटून लोंबत होता.