पितळी खिळा

मोबाइलला नेट नसलं की नकाशा आंधळा होतो, असं लोकांना वाटतं. मी दरवेळी समजावते, उपग्रह काही रिचार्ज मागत नाहीत. फोनला आपली जागा आकाशातूनच कळते. नेट असलं तर लवकर कळते आणि आसपासच्या टॉवर-वायफायवरून पक्की होते, इतकंच. मोबाइल बनवणाऱ्या कंपनीत मी हेच तपासते. माझ्या हातून पास झालेला एकही फोन अजून परत आलेला नाही. बाबा तर शेजाऱ्यांना ऐकवतात, "तुम्ही नेमके कुठे उभे आहात, ते आमच्या मुलीला विचारा. तिचं कधी चुकत नाही."

ऑफिसच्या गच्चीवर फरशीत एक पितळी खिळा ठोकलेला आहे. त्याची जागा मोजणीदारांनी अगदी काटेकोर ठरवून दिली आहे. खिळ्यावर टाच ठेवायची आणि पाण्याच्या टाकीकडे तोंड करायचं, म्हणजे स्क्रीनवर ऊन येत नाही. आधी नेट बंद, मग चालू. नकाशावरचा निळा ठिपका खिळ्यावर पडला पाहिजे. ऑफिसात मलाच 'खिळा' म्हणतात, आणि मला ते आवडतं.

त्या दिवशी नवं मॉडेल होतं. नेट बंद असताना ठिपका खिळ्यावर होता, भोवतीचं वर्तुळ बरंच मोठं, म्हणजे फोनला जागेची खात्री कमी. नेट चालू केलं. वर्तुळ आक्रसलं, आणि ठिपका दोन पावलं पुढे सरकून टाकीजवळ थांबला.

दुसरा फोन घेतला. तेच. पूर्वी पास केलेले जुने फोन आणले. तेच. राउटर बंद करायला लावले, सिमकार्डं बदलून पाहिली. ठिपका ढिम्म हलेना.

"फोन अडकवू नका," साहेब म्हणाले. "उद्या गाड्या भरायच्यात."

"अडकवत नाही, साहेब. एवढे फोन एकदम चुकत नाहीत. खिळाच चुकलाय."

"खिळा?"

"फरशी बदलली तेव्हा सरकला असणार."

लहान वर्तुळावर विश्वास ठेवायचा, हे मीच सगळ्यांना शिकवलं होतं. गवंड्याला बोलावून मी खिळा उपटला आणि ठिपक्याच्या जागी ठोकून घेतला. फोन पास केला. नव्या जागी उभं राहून पुन्हा तपासायची गरज वाटली नाही. साहेबांना जे सुचलं नाही ते मला सुचलं, म्हणून मी अगदी खुशीत खाली उतरले.

फाटकावरच्या वॉचमनने रोजच्यासारखी मान हलवली. मात्र तो माझ्याकडे नाही, माझ्या पुढे बघत होता.

रस्त्यात मी माझा फोन काढला. ठिपका दोन पावलं पुढे. उजवीकडे वळले, तरी पुढे. उलटी फिरले. पुन्हा पुढेच.

मी नेट बंद केलं नाही. बाबा रोज माझा ठिपका त्यांच्या फोनवर बघत बसतात, आणि मी दाराशी पोचले की बेल वाजायच्या आत दार उघडतात. लेकीच्या विद्येचं त्यांना भारी कौतुक.

मी भराभर जिना चढले.

दार उघडलं. बाबा हसले, उंबरठ्यावरच्या रिकाम्या जागेकडे बघून.

"आलीस? दमलीस ना? चल, आत चल."

"बाबा, मी इथे आहे."

त्यांनी बाजूला होऊन वाट दिली. दार लावून घेतलं.

मला भीती वाटली. मी घाईघाईने नेट बंद केलं. ठिपका परत माझ्या पायाशी आला, पायपुसण्यावर. भोवती मोठं वर्तुळ, त्यात अख्खं घर.

मी दार वाजवायला हात उचलला.

आतून बाबांचा आवाज आला, "मग, झाला का फोन पास?"

"झाला," माझ्याच आवाजात उत्तर आलं. "खिळाच चुकला होता."

"वाटलंच," बाबा अभिमानाने म्हणाले. "तुझं कधी चुकत नाही."