चित्रामामीने ओ दिली

चित्रामामी कॅसेटमध्ये अडकली आहे.

नाही. असं काही झालेलं नाही. मामी रायपूरला, चौबे कॉलोनीत, आपल्या घरी ठणठणीत आहे. पहिलं वाक्य वाचलंच नाही असं समजा.

बाकीचं मात्र अक्षरन् अक्षर खरं आहे. माझ्या सख्ख्या मामेभावाच्या, श्रेयसच्या घरी घडलेलं, मागच्या जानेवारीत. आणि रात्री नाही, दिवेलागणीला. मामी लवकर झोपते, त्यामुळे जे यायचं होतं त्यालाही लवकर यावं लागलं.

श्रेयसचे वडील, नरेशमामा, ऐंशीच्या सुमारास रेल्वेच्या कामावर नायजेरियात होते. येताना लोक घड्याळं आणायचे. मामांनी एक कॅसेट आणली. मामा गेले. कॅसेट लोखंडी कपाटात, डांबराच्या गोळ्यांत राहिली.

आता झालंय असं, की तिकडचं त्या काळचं सिंथेसायझरवालं नाचगाणं जगभरातले लोक पुन्हा शोधून काढताहेत. श्रेयसला हे कळलं आणि त्याने कपाट उपसलं. गुढियारीत धुमाल पार्टीत, म्हणजे वरातीच्या बँडमध्ये, कीबोर्ड वाजवणाऱ्या इंद्रजीतने त्याला जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून दिला.

श्रेयसने बटण दाबलं.

आधी खरखर. मग सिंथ... पाण्याखाली बसून कोणी कॅसिओ वाजवावा तसा. मग यंत्राचा ठोका. श्रेयसचे पाय आपोआप हलायला लागले.

मग एक बाई गाऊ लागली. भाषा कळेना. पण प्रत्येक ओळीच्या शेवटी लांबलचक "ओऽऽ". हाक मारल्यासारखं.

आणि प्रत्येक ओळीनंतर... रिकामी जागा.

तिथे कोरस हवा होता. एकीने विचारायचं, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, असं ते गाणं बांधलेलं होतं. उत्तर नव्हतं. नुसता ठोका. वाट बघणारा.

"टेप गेली वाटतं," श्रेयस पुटपुटला.

बाईने पुन्हा हाक मारली. या वेळी तो शब्द जरा... "चित्रा"सारखा वाटला.

"हव!" स्वयंपाकघरातून मामी ओरडली. ती तिवऱ्याची भाजी निवडत होती. "काय पायजे रे?"

"तुले नाही वं आई! गाणं आहे!"

पुन्हा हाक.

"हव नं! येऊन राहिली म्हटलं!"

कोण बोलावतंय ते बघितल्याशिवाय ओ देऊ नये, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. नायजेरियन सिंथ-पॉपचं वेगळं कोणी सांगत नाही.

तिसरी हाक.

"हव..."

हा आवाज स्वयंपाकघरातून आला नाही.

स्पीकरमधून आला. आणि सुरात आला. मामीला आयुष्यात सूर सापडला नव्हता.

आत नळ वाहत होता. तो बंद झाला. पदराला हात पुसत मामी दारात आली.

"श्रेयस, तू मला बोलावलंस का?"

श्रेयसने टेप बंद केली.

मला. बोलावलंस.

मामी रायपूरची. माहेर रायपूर, सासर रायपूर. जन्मात तिच्या तोंडून "मले"ऐवजी "मला" निघालं नव्हतं. (मीही हे शुद्ध मराठीत लिहितोय. माझ्यावर संशय घेऊ नका.)

त्या दिवसापासून श्रेयस तिच्यावर नजर ठेवून होता.

"आई, मले पाणी दे नं," तो मुद्दाम म्हणायचा.

"मला म्हणावं, बाळा."

बाळा! ज्या बाईने त्याच्या लग्नातही त्याला "पोट्ट्या" म्हणूनच हाक मारली होती.

दारावर भाजी घेऊन येणाऱ्या अंजनाबाईला ती म्हणाली, "आज आपण मेथी आणली नाहीत?" अंजनाबाईने टोपली उचलली. "दीदी ल का होगे, भैया?" दीदीला झालं काय, असं तिने विचारलं आणि गल्ली बदलून गेली. ती अजून आलेली नाही.

पुण्याला दिलेली बहीण गंधाली मात्र फोनवर खूश. "दादा, आईचं मराठी किती सुधारलं रे! क्लास लावला का?"

श्रेयसने इंद्रजीतला बोलावलं. त्याने हेडफोन लावला. थोडा वेळ मान डोलावली. मग मान थांबली.

"भैया... कोरस तो है इसमें."

"किसका?"

"अपनी आंटी का."

गाणं संपलं. खरखर सुरू झाली. इंद्रजीतने हेडफोनची वायर उपसली, आवाज खोलीभर झाला. आणि खरखरीतून, फार लांबून...

"पोट्ट्या... दूध उतू जाऊन राहिलं नं बे..."

श्रेयस स्वयंपाकघरात धावला. दूध खरंच उतू जात होतं. शेगडीजवळ मामी उभी होती. हात जोडून, शांतपणे... बघत होती.

तो परत आला तेव्हा इंद्रजीत चपला न घालताच निघून गेला होता. टेप चालूच होती.

"मले घरी याचं आहे रे..."

श्रेयस रडला. मग त्याने डोकं चालवलं. हाकेने गेली, तर हाकेनेच येईल.

त्याने स्पीकरला तोंड लावलं. "आई!"

खरखर थांबली. पलीकडे कोणीतरी श्वास घेतला, उत्तर द्यायला...

"ओ."

पण हे त्याच्या मागून आलं. अगदी कानाशी.

"काय हवंय, बाळा?"

दर वेळी असंच होतं. घरातली ती आधी ओ देते.

श्रेयसने गाणं कॉम्प्युटरवर उतरवून बघितलं. तिथे कोरसची जागा रिकामीच. मामी फक्त त्या टेपवर आहे, आणि जुनी टेप वाजवली की झिजते. मागच्या आठवड्यात मी स्वतः ऐकलं. आवाज निम्मा राहिलाय. "पोट्ट्या" कळतं. पुढचं नाही.

शेवटी त्याने एक अर्ज लिहिला. कॅसेटवर छापलेल्या कंपनीच्या नावाने. ती कंपनी केव्हाच बुडालीय. अर्ज मामीने शुद्धलेखन तपासून दिला. शेवटचं वाक्य तिने दोनदा वाचलं, हसली आणि तिथल्या "बाईना"वर एक अनुस्वार दिला.

"प्रति, माननीय कोरस व्यवस्थापक, लागोस.

महोदय, श्रीमती चित्रा नरेश देवस्कर, राहणार चौबे कॉलोनी, रायपूर, या आपल्या कोरसमध्ये अनवधानाने रुजू झाल्या आहेत. त्यांना टेप झिजण्यापूर्वी कार्यमुक्त करून, आहे त्या भाषेसह स्वगृही पाठवण्यात यावे, ही विनंती. त्यांच्या जागी सध्या आमच्याकडे असलेल्या बाईंना आपण परत बोलावून घ्यावे, त्यास अर्जदाराची हरकत नाही."