कॅमेरा अजून तिथेच आहे का?

वेग पकडणाऱ्या कॅमेऱ्यांचे खांब रोवणाऱ्या खांबवाल्याशी चार गोड शब्द बोलले तर पदरात काय काय पडेल, हे तिने त्याचा चेहरा नीट पाहण्याआधीच जोखलं होतं. नव्या कॅमेऱ्यांचे ठावठिकाणे मिळणार, त्यामुळे लायसन वाचणार, आणि मामाने काउंटरवर मांडलेल्या तीन डब्यांपैकी एकही विकत न घेता घरी जाता येणार. खर्चाच्या बाजूला काय, तर थोडंसं हसू. तेवढं तिच्याकडे शिल्लक होतं.

लायसनची गरज तिला पोटाइतकीच होती. सगळे तिला सॅम्पलवाली म्हणत. रोज सकाळी चार दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या गोळा करायच्या, थंड पेटीत उभ्या लावायच्या आणि दोन तासांच्या आत शहराच्या दुसऱ्या टोकाच्या प्रयोगशाळेत पोचवायच्या. उशीर झाला की रक्त वाया, आणि कुणाच्या तरी सुरकुतलेल्या हातात पुन्हा सुई. म्हणून ती गाडी पळवायची. पळवता पळवता वर्षात तीनदा कॅमेऱ्यात सापडली होती. चौथ्यांदा सापडली की लायसन तीन महिने जमा, आणि ती प्रयोगशाळेच्या खिडकीमागे टोकन वाटत बसणार.

तेव्हा मामाचं दुकान. मामा सख्खा होता आणि गाड्यांचं सामान विकायचा. भाचीला सवलत देतो असं तो दहा वर्षं सांगत आला होता. तो मुहूर्त अजून लागायचा होता. कॅमेऱ्याची आगाऊ सूचना देणाऱ्या डब्या त्याने तीन काढल्या. एक बोलकी, कॅमेरा जवळ आला की बाईच्या आवाजात सांगणारी. दुसरी अबोल, पण हवेतल्या लहरी हुंगून टुकटुकणारी. तिसरी सगळ्यांत महाग... रस्त्यावरचे बाकीचे चालक जे कळवतील ते त्याच क्षणी दाखवणारी. कोणती घेऊ, असं तिने विचारल्यावर मामाने प्रामाणिकपणे सांगितलं की तिन्ही घे.

तेवढ्यात शेजारी चिकटपट्टीचं बंडल निवडत उभा असलेला एक उंच, उन्हाने रापलेला माणूस म्हणाला, "तिन्ही चांगल्या आहेत. फक्त आज सकाळी उभा राहिलेला खांब एकीलाही ठाऊक नाही."

"तुम्हाला बरा ठाऊक."

"त्याला नाही तर कुणाला?" मामा कौतुकाने म्हणाला. "रोवतो कोण? याने एक खांब रोवला की माझ्या चार डब्या खपतात. घरचाच माणूस समज."

इथे तिने ते हसू खर्च केलं, आणि पुढचा खांब कुठे येणार ते विचारलं. तो दाराबाहेर उभ्या असलेल्या तिच्या पांढऱ्या गाडीकडे बघत होता, मागच्या काचेवरच्या प्रयोगशाळेच्या लाल खुणेकडे... मग सावकाश तिच्याकडे.

"अच्छा. म्हणजे बहात्तर तुम्ही."

"काय बहात्तर?"

"तुमचा वेग."

मग त्याने सांगितलं ते असं. खांब रोवण्याआधी तो आठवडाभर रस्त्याच्या कडेला बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचा वेग टिपतो. माणसांना जशी चाल असते तसा गाडीत बसल्यावर एक वेग असतो, जन्माचा. पावाची गाडी एक्केचाळीस. शाळेची बस अडतीस, सोमवारी छत्तीस. आणि रोज नऊ वाजून दहा मिनिटांनी एक पांढरी गाडी, बहात्तर. एकाने कमी नाही की जास्त नाही. आत कोण आहे ते त्याला कधी दिसलं नव्हतं. पण ती गेली की रस्त्याकडेची पानं उडायची आणि तो आपलं घड्याळ लावून घ्यायचा.

तिला आजवर आगाऊ म्हटलं गेलं होतं, वाऱ्यावर स्वार म्हटलं गेलं होतं. आई तर आणखीही काही म्हणायची. पण इतक्या अदबीने तिला कुणी आकडा म्हटलं नव्हतं. तिचे कान तापले. मामाने ते पाहिलं आणि लगेच धंद्याचं बोलला: तिन्ही डब्या आठ-आठ दिवस वापरून बघ, आवडेल ती ठेव, मात्र खोकी फाडायची नाहीत.

बोलकी डबी दोन दिवसांत तिच्या डोक्यात गेली. ती आईसारखीच एक गोष्ट तीनदा सांगायची, आणि दुसऱ्या दिवशी सॅम्पलवाली तिला उलट उत्तरं देऊ लागली. अबोल डबी दवाखान्यांपुढे, बँकेपुढे, कुठेही टुकटुकायची. असं का, हे विचारायला ती नळ्या पोचवून परतताना वळणावरच्या नव्या खांबापाशी थांबली, कारण विचारायला दुसरं होतं कोण? त्याने पाना खिशात ठेवून समजावलं की आपोआप उघडणारी काचेची दारंही तशाच लहरी सोडतात. बिचारीला प्रत्येक दार कॅमेरा वाटतं.

"म्हणजे भित्री आहे."

"सावध आहे," तो म्हणाला. "पण कशाला घाबरायचं ते तिला कळत नाही. तुमचं बरोबर उलटं."

मग रोज थांबणं आलं. परतीच्या वाटेवर पेटी रिकामी असायची, घाई नसायची, आणि डबीबद्दल काही ना काही तक्रार असायचीच. ती आडून आडून पुढच्या खांबाचा पत्ता काढू बघायची. तो सरळपणे दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचा. पाचव्या दिवशी त्याने विचारलं, "वर यायचंय?"

ट्रकवरच्या पाळण्यात दोघांपुरती जागा होती, म्हणजे दोघं हलले नाहीत तर. त्याने तिच्या डोक्यावर टोपी ठेवली, कमरेचा पट्टा दोनदा ओढून पाहिला आणि कळ दाबली. जमीन खाली गेली. हाच रस्ता तिने हजार वेळा कापला होता, पाहिला एकदाही नव्हता. गाड्या वळणापाशी येत आणि सगळ्या मिळून एक श्वास घेतल्यासारख्या मंदावत, मग सोडल्यासारख्या पसरत. कुणी कुणाला सांगत नव्हतं, तरी शेकडो अनोळखी माणसं एकमेकांना जागा देत होती. एक म्हातारा काठी टेकत निघाला, तर चार गाड्या त्याच्यासाठी थबकल्या आणि त्याला ते कळलंही नाही. छपरांवर ऊन लखलखत होतं. वारा इतका मोकळा होता की तिने नकळत त्याची बाही धरली.

त्याने खाली रस्त्यावरचे पांढरे पट्टे दाखवले. कॅमेरा लागोपाठ दोन चित्रं घेतो, आणि दोन चित्रांत गाडी किती पट्टे पुढे गेली ते मोजतो. ते पट्टे त्याने स्वतः टेपने मापले होते, पहाटे, रस्ता रिकामा असताना, पोटावर पडून.

"पोटावर कशाला?"

"उभ्याने बोटभर चूक होते. आणि बोटभर चुकलं की कुणाच्या तरी माथी न केलेला गुन्हा."

तेव्हा तिला त्याची कोपरं दिसली. दोन्ही खरचटलेली, जुन्या खरचटण्यावर नवं. ती बघत राहिली. कुणी कधी आभार मानणार नाही, कुणाला कळणारही नाही, अशा बोटभर अंतरासाठी हा माणूस पहाटे डांबरावर लोटांगण घालतो...

पुढचा खांब कुठे, हे विचारायचं राहून गेलं. ते तिच्या लक्षात आलं खाली उतरल्यावर, आणि तिला स्वतःचीच धास्ती वाटली.

तिसऱ्या डबीत मात्र खोट काढायला जागा नव्हती. ती शांत, नेमकी, कामापुरती. खांबापाशी आलं की फक्त एवढंच विचारायची: कॅमेरा अजून तिथेच आहे का? हो किंवा नाही, बोट लावायचं, की सगळ्या डब्यांना कळणार. कालव्याच्या पुलापाशी डबीने असाच प्रश्न केला, तेव्हा सॅम्पलवालीने मान वर केली. पाळण्यात तो उभा होता. जुना कॅमेरा काढून त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता आणि बाहीने त्याची काच पुसत होता, झोपलेल्या पोराचं तोंड पुसावं तसा. खांबाचं डोकं रिकामं होतं. तिने "नाही"वर बोट लावलं. त्या घटकेला ते अगदी खरं होतं.

त्याच दुपारी त्याने तिथे नवा कॅमेरा बसवला. दुसऱ्या दिवशी, नऊ वाजून दहा मिनिटांनी, डबी गप्प राहिली आणि तिच्या तोंडावर लख्ख उजेड पडला.

पूल ओलांडून गेल्यावर तिला समजलं. डबी चुकली नव्हती. डबीने तिचंच ऐकलं होतं.

परतताना तो पुलाशी आपल्या गाडीत बसला होता, मांडीवर लॅपटॉप. तिला बघून त्याने शेजारचं दार उघडलं. पडद्यावर तिचाच फोटो होता, खाली आकडा. बहात्तर. नव्या कॅमेऱ्याच्या पहिल्या दिवसाचे फोटो आधी त्याच्याकडे येतात, त्याने सांगितलं; तो एकेक तपासतो. खरे पुढे जातात. ज्यावर तो "चाचणी" असा शेरा मारतो ते तिथेच थांबतात, कुणी विचारत नाही.

"चाचणी लिहितो," तो म्हणाला. आवाज त्याचा नव्हताच. बोट कळेवर ठेवलेलं होतं.

म्हणजे ज्यासाठी तिने हे सगळं सुरू केलं होतं, ते आता समोर होतं, नुसतं हो म्हणायचा अवकाश. तिने त्याच्या कोपरांकडे पाहिलं. हे खरचटलेल्या कोपरांचे हात तिच्यासाठी खोटं लिहायला निघाले होते. ते एवढं मोठं देणं होतं की तिला घेववेना.

"नका लिहू."

"लायसन जाईल."

"जाऊ दे. आमच्या प्रयोगशाळेत ओळखीच्या माणसाची साखर कमी लिहीत नाहीत."

त्याने बोट उचललं. पुलाखालून पाण्याचा आवाज येत होता. मग तो पडद्याकडे वाकला, फोटो मोठा केला. काचेमागे ती स्पष्ट दिसत होती, पण नजर रस्त्यावर नव्हती. मान वर, ओठ किंचित उघडे, आणि चेहऱ्यावर जे होतं ते तिने आरशातसुद्धा कधी पाहिलं नव्हतं.

"वर काय बघत होतात?"

ती खोटं बोलू शकली असती. पण आत्ताच एवढं महाग खरं विकत घेतलं होतं...

"तू आहेस का, ते."

तो वळला. रस्त्यावरच्या कुठल्याही गाडीकडे त्याने असं पाहिलं नव्हतं. "मी दहा मिनिटं आधी उतरलो," तो म्हणाला, जणू सगळा गुन्हा तोच होता. "उद्यापासून नऊ वाजून दहाला पांढरी गाडी येणार नाही. मी घड्याळ कशावर लावू?"

"मी चालत येईन. चालण्याचा वेग काढून ठेव."

त्याने फोटो पुढे पाठवला, आणि मग तिचा हात हातात घेतला; दोन्ही गोष्टी सारख्याच काळजीने.

दंडाच्या कचेरीत रांग मोठी होती. दंड तिनेच भरला, लायसन तिनेच खिडकीतून आत सरकवलं. फेरीचा तीन महिन्यांचा भत्ता तिचाच गेला, आणि टोकन वाटणंही तिलाच आलं. मामाने तिन्ही डब्या न फाटलेल्या खोक्यांत परत घेतल्या आणि गिऱ्हाईक गेल्याची हळहळ चार दिवस केली. ते त्याच्या खात्यावर. आणि रांगेत तिच्या शेजारी अडीच तास नुसतं उभं राहता यावं म्हणून खांबवाल्याने अर्ध्या दिवसाचा पगार सोडला.