दोन कोटी आकड्यांची तपासणी

खोलीत सहा संगणक होते, त्यातले पाच चालू. खुर्च्या तीन, त्यातली एक तीन पायांची. आणि माणूस एकच. ती दार ढकलून आत शिरली ती थेट त्याच्यावर धडकली. फाइल उधळली, आणि तो जमिनीवर बसला.

"माफ करा— तपासनीस कुठे बसतात?"

"सध्या तुमच्या कागदांवर."

तिने शोधलेल्या संख्येत दोन कोटींहून जास्त आकडे होते. एक आणि स्वतः ती संख्या सोडून तिला कशानेच भाग जाऊ नये, तरच ती मूळ. तिच्या यंत्राने पायरीपायरीने हिशोब केला होता आणि शेवटी बाकी शून्य आली होती; या खास कसोटीत शून्य बाकी म्हणजे संख्या मूळच! पण शून्य यंत्राच्या चुकीनेही येतं. म्हणून दुसऱ्याने, दुसऱ्या यंत्रावर, पहिल्यापासून सगळं करायचं. संख्या खरी ठरली, तर दूरच्या संस्थेतली तीन वर्षांची जागा तिची. आईने बॅगसुद्धा माळ्यावरून काढली होती.

"निकाल लागेपर्यंत संख्येबद्दल अवाक्षर नाही," त्याने बजावलं. "इथला नियम आहे."

"मग बोलायचं कशाबद्दल?"

"जगात एवढी एकच संख्या आहे का?"

अकरा दिवस ते कॉफीच्या यंत्रापाशी भेटत राहिले. बोलत राहिले— त्याच्या न उगवणाऱ्या कोथिंबिरीबद्दल, तिच्या घोरणाऱ्या दादाबद्दल. तिचा जीव मात्र टांगणीला. त्याची भुवई हलली तरी ती लगेच विचारायची.

"आज चेहरा असा का? काही चुकलं...?"

"दाढ दुखतेय."

"नक्की?"

"आ करून दाखवू?"

बाराव्या दिवशी तो कॉफीला आला नाही. तेराव्या दिवशीही. चौदाव्या दुपारी तो तिच्या कामाच्या खोलीच्या दारात उभा राहिला, दोन दिवस झोपला नसावा असा.

"जुळत नाहीये. शेवटच्या टप्प्यात तुझी बाकी वेगळी, माझी वेगळी. माझी शून्यावर येत नाही."

'तुम्ही'चं 'तू' झालेलं तिच्या ध्यानातही आलं नाही. "कधी कळलं?"

"परवा."

"आणि दोन दिवस मूग गिळून बसलास?"

"तो टप्पा पुन्हा केला. दोनदा. वाटलं, मीच चुकलो असेन... चुकायलाच हवा होतो."

"का?"

तो दाराच्या कडीशी चाळा करत राहिला. "ती मूळ नसेल, तर तू इथेच राहशील. मला तेच हवंय— म्हणून माझ्या उत्तरावर माझाच विश्वास बसेना."

तिला रडावं की हसावं तेच कळेना. तिने खुर्ची ओढली.

"जिथवर जुळतंय, तिथून माझ्या यंत्रावर करू."

"मी बाहेर थांबतो."

"मुकाट्याने बस. एकटीने पाहवणार नाही मला... हात तरी धर."

एक्केचाळीस मिनिटांनी पडद्यावर बाकी उमटली. ती शून्य नव्हती. त्याचा हात तिने आणखी बावीस मिनिटं सोडला नाही.