पाच किलोची लवंगी

माझी यादी शेळीने खाल्ली, तिथून हे सगळं सुरू झालं.

यादी साधीसुधी नव्हती हो! 'वयस्कर माणसांसाठी छोटी कुत्री' असं इंटरनेटवर शोधून, तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत खपून मी तो तक्ता बनवला होता. जात, वजन, केस, स्वभाव, आयुष्य असे पाच रकाने. चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मी डिझायनर आहे, त्यामुळे रकाने अर्थातच रंगीत. तो कागद घेऊन मी होटगी रोडवरच्या जनावरांच्या दवाखान्यात शिरले, बाकावर टेकले, आणि शेजारच्या बाईंच्या शेळीने मान वळवून अगदी निवांतपणे तो माझ्या हातातून ओढून घेतला.

"अगं अगं अगं!" मी किंचाळले.

आतून डॉक्टर धावत आला. उंच, सावळा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, केसांत कडब्याची एक काडी. "काय खाल्लं तिनं?"

"माझा पग, माझा शित्झू आणि माझा पोमेरेनियन!"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग शेळीकडे. "तिन्ही? येकदम?"

आणि हसला... असा हसला की शेळीवाल्या बाईही हसायला लागल्या. मला राग आला होता, खरंच आला होता. पण त्या हसण्यात कुठेतरी माझा राग सांडून गेला.

दारावर पाटी होती, डॉ. बिरुदेव कोळेकर. माळशिरसकडचा. घरी मेंढरं, शिक्षण शहरात, पण बोलणं मात्र जसंच्या तसं गावचं. "कालिजात लई लोकांनी सुधारायचा प्रयत्न केला," तो म्हणाला, "पर जनावरांना हीच भाषा कळती. बोला, कुत्रं कुणासाठी?"

"बाबांसाठी. एकाहत्तर वर्षांचे आहेत."

"त्यांनी मागितलंय?"

"नाही."

"मग तुमी कुटं चालला?"

मी चपापले. ही गोष्ट मी घरातसुद्धा कुणाला सांगितली नव्हती. कोइम्बतूरच्या एका मोठ्या कापडगिरणीने मला बोलावलं होतं. नुसते टॉवेल नाहीत, पडदे, गालिचे, सगळं काही... ज्या कामाची मी सहा वर्षं वाट बघत होते ते काम. दोन महिन्यांनी, एक तारखेला हजर व्हायचं. पण आई जाऊन चार वर्षं झाली होती, घरात आम्ही दोघंच. बाबांना एकटं सोडून जायला मन तयार नव्हतं. त्यांना सोबत मिळाली तर जाईन, नाहीतर नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

हे सगळं मी त्या अनोळखी माणसाला सांगून टाकलं. का, ते देव जाणे.

"काका काय करायचे?" त्याने विचारलं.

"पोस्टमन होते. पस्तीस वर्षं."

त्याने ओठ घट्ट मिटले, पण डोळे हसलेच. "पोस्टमनला कुत्रं? मॅडम, तुमी लई धाडसी हाय."

पुढचे काही आठवडे मी कामावरून सुटले की त्या दवाखान्यात. कधी आम्ही एखादं कुत्रं बघायला जायचो. नवी पेठेतल्या एका कापडदुकानात गल्ल्याशेजारी पग बसायचा, इतका गोड की मी तिथेच पाघळले. बिरुदेव मात्र त्याचं नाक बघत होता.

"नाक चपटं हाय. आत्ता फेब्रुवारीत बी घोरतंय. एप्रिलात सोलापूर तापलं म्हंजे ह्याला एसी लागंल. काकांकडं हाय?"

"पंखा आहे."

"मग न्हाय."

शित्झूला रोज विंचरायला लागतं, आणि बाबांची बोटं आता कडक झाली होती. पोमेरेनियनच्या अंगावर तर हिवाळाच पांघरलेला. एका ठिकाणी दोन महिन्यांचं पिल्लू होतं, कापसाच्या गोळ्यासारखं. मी ते सोडायलाच तयार नव्हते.

"पिल्लू पायात येतंय," तो हळू म्हणाला. "काका पडले म्हंजे? पिल्लू बघून तुमाला आनंद व्हतोय, मॅडम. काकांना काय पायजे ते बघू."

मग तो विचारत बसायचा. काका किती वाजता उठतात? घराला पायऱ्या किती? दुपारी झोपतात का? दाराची बेल ऐकू येते? मी म्हणायचे, नाही, बेल ऐकू येत नाही, मी तीनतीनदा वाजवते. तो वहीत लिहून घ्यायचा. आईनंतर माझ्या बाबांबद्दल इतकं कुणीच विचारलं नव्हतं. नातेवाईक 'बरे आहेत ना?' म्हणतात आणि 'हो' ऐकायच्या आत विषय बदलतात. हा माणूस थांबून उत्तर ऐकायचा... आणि मी, कबूलच करते, एकाऐवजी चार उत्तरं द्यायला लागले होते.

एका रविवारी तो घरी आला. ही त्याची पद्धत, आधी माणूस बघायचा आणि मग कुत्रं. बाबा झोपाळ्यावर बसले होते.

"पस्तीस वर्षं कुत्री माझ्यामागे धावली," बाबा म्हणाले. "आता या वयात मी त्यांच्यामागे धावू?"

"न्हाय काका. आधी ज्वारीची पिशवी घेऊन चालायचं."

"कसली पिशवी?"

"पाच किलोची. आट दिस तीच तुमचं कुत्रं. सकाळ-संध्याकाळ फिरवायची, वाकून उचलायची, मोरीपर्यंत न्यायची. मन व्हय म्हणतंय, पर गुडघं काय म्हणतात ते बी इचारायला लागतंय की."

बाबांना कुणी आव्हान दिलं की संपलं. त्यांनी लगेच पिशवी शिवायला घेतली. दुसऱ्या दिवसापासून आमच्या गल्लीत वेणीमाधव पोस्टमन ज्वारी फिरवताना दिसायला लागले. कोपऱ्यावरच्या चन्नम्मा मावशींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाबांचं डोकं ठिकाणावर आहे ना गं?"

तिसऱ्या दिवशी त्यांचा गुडघा सुजला. ते बोलले नाहीत, पण मला दिसलं. आणि मी एक चूक केली. ते अंघोळीला गेले असताना पिशवीतली दोन किलो ज्वारी काढून डब्यात ओतली आणि कारखान्यातून आणलेल्या टॉवेलच्या कातरणांनी पिशवी फुगवली. दया आली म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं.

आठव्या दिवशी बिरुदेव करडं तोलायचा काटा घेऊन आला. पिशवी आकड्याला लावली.

"पाच किलो," तो म्हणाला. "वर शंभर ग्रॅमच."

"शक्यच नाही!" माझ्या तोंडून निघून गेलं.

दोघांनी माझ्याकडे बघितलं. माझे कान गरम झाले.

"कशापायी शक्य न्हाय?" बिरुदेवने विचारलं.

"कारण दोन किलो हिने काढले होते," बाबा शांतपणे म्हणाले. "त्याच संध्याकाळी मी परत भरले. अगं, पस्तीस वर्षं खांद्यावर थैली वाहिली मी. पाव किलोचा फरक खांद्याला कळतो, आणि तू दोन किलो काढतेस?"

"बाबा, तुमचा गुडघा..."

"गुडघा दोन दिवसांत उतरला. तुला मला पास करायचं होतं. कोइम्बतूरसाठी."

मी खाली बसले. "तुम्हाला कसं..."

"कुरियरचं पाकीट मीच सही करून घेतलं. उघडलं नाही हं! पण पाठवणाऱ्याचा पत्ता तर वाचणारच ना मी. वाटलं, तू सांगशील. तू काही सांगेनास. मग म्हटलं, निदान पिशवी पेलून दाखवू, म्हणजे पोरगी निर्धास्त जाईल."

मला रडू फुटलं. चांगलं हमसून रडले मी. बाबा माझ्या पाठीवरून हात फिरवत होते आणि बिरुदेव... तो मागच्या अंगणात गेला आणि नळाखाली कितीतरी वेळ हात धूत राहिला. त्याच्या हातांना काहीही लागलेलं नव्हतं. त्या क्षणी मला कळलं की मी या माणसावर प्रेम करते. आणि एक तारखेला पंधराच दिवस उरले होते.

त्यानंतरच्या रविवारी बिरुदेवच्या जीपमधून आम्ही अकलूजला निघालो. बाबा पुढे, मी मागे. रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या, हवेत गुऱ्हाळाचा गोड वास. समोरच्या आरशात त्याचे डोळे सारखे दिसत होते.

"रस्ता पुढे आहे, डॉक्टर."

"रस्ता पाठ हाय मला, मॅडम."

बाबांना कमी ऐकू येतं, हे त्या दिवशी मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

अकलूजच्या महेश्वरीताई निवृत्त मुख्याध्यापिका. मुलीकडे मेलबर्नला कायमच्या निघाल्या होत्या आणि त्यांच्या डॅशहाउंडला, लवंगीला, घर हवं होतं. लांबुडकं तपकिरी अंग, बोटभर पाय, सात वर्षांचं वय. तिने बाबांना बघितलं आणि अशी भुंकली, अशी भुंकली, की जणू पस्तीस वर्षांतल्या सगळ्या कुत्र्यांनी तिच्याकडे निरोप दिला होता. मग जवळ आली, त्यांची चप्पल हुंगली आणि त्यांच्या पायावर बसली.

"केस आखूड हायेत, ऊन सोसतंय," बिरुदेव सांगत होता. "पाच किलोला थोडी कमीच. पिल्लाचा दांडगेपणा सरलाय. पाठ लांब हाय म्हणून हिला जिना चालत न्हाय, आणि तुमचं घर तळमजल्यावर. दारात कुणी आलं की भुंकती, मग बेल ऐकू न्हाय आली तरी चालतंय."

बाबांनी वाकून तिला उचललं. अलगद, एका दमात. तिने त्यांच्या कोपरात हनुवटी टेकली, आणि बाबांचा चेहरा असा झाला की मला दुसरीकडे बघावं लागलं.

"किती जगते ही जात?" त्यांनी विचारलं.

"चौदा-पंधरा वर्सं."

"म्हणजे अजून आठ. मी एकोणऐंशीचा होईन..." बाबा थांबले. "मधेच मी गेलो तर हिचं काय?"

महेश्वरीताईंनी एक कागद पुढे केला. त्यांनीही तोच विचार केला होता. मालकाला जमलं नाही तर कुत्र्याचा सांभाळ कोण करणार, त्याचं नाव आणि नातं. मी हात पुढे केला, पण बाबांनी कागद दिला नाही.

"तू कोइम्बतूरला जाणार आहेस. इथलं कुणीतरी हवं. बिरुदेव, तुझं लिहू?"

"लिहा की काका."

बाबांनी चष्मा लावला, पत्त्यासारख्या स्वच्छ अक्षरात नाव लिहिलं. मग नात्याच्या जागी काहीतरी लिहिलं आणि कागद आमच्याकडे फिरवला.

'जावई (होणारा).'

महेश्वरीताई चहा आणायला उठल्या. चहा तर समोरच होता!

"बाबा!"

"काय बाबा? गुरांचा डॉक्टर असून पंधरा दिवसांत याने तीनदा माझा रक्तदाब तपासलाय. आणि तू रोज संध्याकाळी केस विंचरून शेळ्यांमध्ये जाऊन बसतेस. आडनावाचं म्हणशील, तर जन्मभर मी पाकिटांवरची आडनावं वाचली. आत काय आहे ते त्यावरून एकदाही कळलं नाही."

बिरुदेव लालबुंद झाला होता.

"काका... मला येक कबूल करायचंय. लवंगीचं मला पयल्याच दिवशी ठाऊक व्हतं."

"काय?" मी उसळले. "मग तो पग?"

"तुमी परत येता का, ते बघायचं व्हतं."

"आणि शित्झू?"

"तवा तर तुमी आलाच न्हाय तर काय करू, असं झालतं..."

"दीड महिना फिरवलंत मला?"

"तुमी बी फिरला की!" तो म्हणाला, आणि मग एकदम गंभीर झाला. "तुमी जावा कोइम्बतूरला. सहा वर्सं वाट बघितलीया, ते काम सोडू नका. काकांकडं मी रोज येतो, आणि सुट्टी मिळंल तसा तिकडं बी येतो. पर... मला तुमी आवडता, वैदेही. लई."

पहिल्यांदाच त्याने माझं नाव घेतलं होतं.

"मी बॉलपेनने लिहिलंय," बाबा मधेच म्हणाले. "खाडाखोड चालायची नाही. चूक असेल तर आत्ताच सांग, ताईंकडून दुसरा कागद मागून घेऊ."

मी कागदाकडे बघितलं. मग बाबांच्या मांडीवर झोपी गेलेल्या लवंगीकडे. मग त्याच्याकडे, ज्याला माझ्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं.

"बरोबर लिहिलंय, बाबा. सही करा," मी म्हणाले. "आणि बिरुदेव... मलाही. लई."