बिनधन्याचा प्रोग्राम

दुपारी तैवानातल्या शिन्चू शहराच्या एका ऑफिसात सगळे तांदळाच्या शेवया खायला बसत, आणि बाहेरचा वारा खिडक्या धडधडवत असे. वेन-शिऊचं काम एका इस्पितळाच्या मोठ्या संगणकावर होतं. त्याच्या मुळाशी बसलेला कारभारी, म्हणजे कर्नेल, मागेल त्या प्रोग्रामला मेमरी कबूल करत सुटतो. सगळे एकदम हात पसरून आले की मात्र त्याच्यापाशी द्यायला काही उरत नाही. मग तो एका प्रोग्रामचा बळी देतो आणि बाकीच्यांना जगवतो. बळी कोणाचा घ्यायचा, तो नियम वेन-शिऊनेच लिहिला होता.

त्या हिवाळ्यात मेमरी वरचेवर संपू लागली, आणि दर वेळी एकच प्रोग्राम मेला. त्याला नाव नव्हतं. तो कोणी सुरू केला नव्हता. मेल्यावर काही वेळाने तो आपणहून परत येऊन बसे. रुग्णांच्या नाडीवर लक्ष ठेवणाऱ्या एकाही प्रोग्रामला कधी धक्का लागला नाही.

शेजारी बसणाऱ्या लू दादांना तिने हे दाखवलं. त्यात अडकू नकोस, म्हणाले. "जो आपणहून मान पुढे करतो, त्याला करू दे. बाकीचे जगतायत ना?"

तिला ते पटेना. तो प्रोग्राम जिवंत राहिला तरच तपासता येणार होता. तिने कर्नेलला बजावून ठेवलं: याला हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी, जेवणानंतर, मेमरी पुन्हा संपली. ती पडद्याकडे बघत राहिली. कोणीच मेलं नाही. तरी मेमरी मोकळी झाली होती. कुठून, ते कळेना.

लू दादांचा फोन वाजत होता. त्यावर शाळेच्या गणवेशातली मुलगी हसत होती. ते नुसते बघत बसले होते.

"दादा, तुमच्या लेकीचा आहे, पेइ-यूचा. उचला ना."

"कोणाचा?" त्यांनी फोन अदबीने तिच्यापुढे सरकवला. "गोड पोरगी आहे. तुझी का?"

ते थट्टा करत नव्हते.

तिने घाईघाईने ती मनाई काढायला घेतली. मेमरी पुन्हा भरत चालली होती.

यंत्राने पासवर्ड विचारला.

पासवर्ड म्हणजे तिच्या आईचं नाव.

बोटं कळांवर टेकली, आणि तशीच राहिली.

पडद्याच्या कोपऱ्यात मेमरी हळूच मोकळी झाली.