ईथरचा एक थेंब जास्त

त्यांची पहिली भेट प्रयोगशाळेच्या दारात झाली, तीही चांगली टक्कर होऊन. ती घाईघाईने आत शिरत होती, तो हातात बाटली घेऊन बाहेर पडत होता. कापसाचं बूच उडालं आणि आतल्या फळमाश्या भुर्रकन पसार झाल्या.

"सॉरी... किती होत्या?"

"तेच मोजायला निघालो होतो," तो म्हणाला आणि हसला.

त्या हसण्याने आपली पुरती वाट लागलीय, हे तिला तिथेच कळलं होतं. फक्त कबूल करायचं नव्हतं.

जीवशास्त्राचं शेवटचं वर्ष. लाल डोळ्यांच्या माश्यांची पांढऱ्या डोळ्यांच्या माश्यांशी जोडी लावायची आणि पिल्लं कुणावर जातात ते बघायचं. त्यासाठी माद्या कोशातून बाहेर पडल्या पडल्या, नराशी गाठ पडायच्या आत वेगळ्या काढाव्या लागत. म्हणून तो सकाळी लवकर यायचा. मग तीही यायला लागली. घरी दादा चिडवायचा, "एवढ्या पहाटे उठून माश्या मारायला चाललीस?" पण तिला मुळीच राग यायचा नाही.

"नर-मादी ओळखता येतात का आता?" तो भिंगावरून मान न उचलता विचारायचा.

"माश्यांमधले येतात. माणसांमधला एकच आहे, त्याचं काही कळत नाही..."

तो कानापर्यंत लाल व्हायचा. असं सगळं छान चाललेलं असताना बॉबकटवाली आली! दुसऱ्या कॉलेजातून आलेली, गालाला खळी, आणि दर वाक्याला "सांग ना!" मॅडमनी तिला नेमकं त्याच्या टेबलाशी बसवलं. झालं, साहेब शिकवत सुटले. इतका वेळ, इतक्या मायेने!

आणि आज प्रोजेक्टच्या जोड्या मॅडमना सांगायच्या होत्या. ज्याच्याशी जोडी ठरेल, त्याच्याबरोबर वर्षभराच्या सकाळी. तो कुणाचं नाव घेणार, या विचाराने तिला सकाळपासून घास गिळवला नव्हता.

"यांना जरा गुंगी दे, मी आलोच," असं म्हणून त्याने पहाटे वेगळ्या काढलेल्या माद्यांची बाटली तिच्या हातात दिली आणि गेला. कुठे? बॉबकटवालीकडे!

तिने कापसावर ईथरचा थेंब टाकला. पलीकडून खिदळणं ऐकू आलं. तिने न बघताच आणखी एक टाकला. बॉबकटवालीने माश्या सारायचा ब्रश त्याच्या नाकाला लावला – आणि तो हसला. तेच, दारातलं हसू! तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

भानावर आली, तेव्हा बाटलीत सगळ्या माश्या पंख ताठ उभारून पडल्या होत्या. गुंगीतली माशी पंख मिटून पडते. असे उभारले, की खेळ खलास.

तो परत आला. बाटली बघून त्याचा चेहरा उतरला.

"तुझ्या हातून तर असं कधी..."

ईथरवर खापर फोडता आलं असतं. पण तिने खरं तेच सांगून टाकलं.

"मी बाटलीकडे बघतच नव्हते. तुझ्याकडे बघत होते. ती तुझ्याजवळ बसली, की मला सहन होत नाही. ऐकलंस? आता घे तिलाच जोडीला!"

त्याने बाटली तिच्या हातातून काढून घेतली. मग हळूच म्हणाला, "मॅडमनी तिला माझ्या गळ्यात मारलं होतं. तिला एकटीला काम जमलं, तरच सोडीन म्हणाल्या. म्हणून एवढा जीव तोडून शिकवत होतो, वेडे."

"मग... हसत कशाला होतास?"

"आज तिला सगळं बिनचूक जमलं. सुटलो म्हणून हसत होतो. मला तुझंच नाव सांगायचं होतं. प्रोजेक्टपुरतं नाही... कायमचं."

तिने बाहीने डोळे पुसले.

"पण माद्या मेल्या ना रे..."

"नव्या येतील. चल आधी, मॅडम निघतील."

दोघं व्हरांड्यातून चालू लागले.

"मॅडमनी विचारलं, कशा मेल्या, तर?" तिने घाबरत विचारलं.

"माझ्यामुळे म्हणून सांगेन," तो म्हणाला, आणि त्याने तिचा हात धरला, तो मॅडमच्या दारापाशीसुद्धा सोडला नाही.